प्लेटलेट घटल्या, तर पांथरीही चाचपा

चोपड्यात मुलांची डॉक्टरकी करताना एका दुर्मिळ आजाराने बरंच शिकवलं. ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम, म्हणजे एएलपीएस.

१. रिपोर्ट वाचून झाला तरी पोटावर हात ठेवायचाच. पायावर लाल ठिपके, फुटलेला घोळणा, प्लेटलेट वीस हजार. असं पोर आलं की आपण आयटीपी, म्हणजे शरीरानेच स्वतःच्या प्लेटलेट मारण्याचा आजार, म्हणतो आणि बहुतेकदा ते बरोबर असतं. बरीच मुलं काही महिन्यांत सावरतात. पण साध्या आयटीपीत पांथरी सहसा वाढत नाही. बरगडीखाली ती बोटांना लागली, मानेत न दुखणाऱ्या गाठी महिनोन्महिने टिकल्या, तर पुढे शोधायला हवं. आपल्याकडे पांथरी म्हटलं की हिवताप, पोर सातपुड्यातल्या पाड्यावरचं असलं की सिकलसेल, गाठ म्हटलं की टीबी. ते आधी तपासावंच, रक्ताचा कर्करोगही. मात्र सगळं निगेटिव्ह आलं म्हणून फाइल बंद करू नये.

२. आईबापांना कारण समजावून सांगावं. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी वाढतात आणि काम संपलं की त्यांनी मरायचं असतं. त्यांच्यावर फास नावाचं प्रथिन असतं. त्याला इशारा मिळाला की पेशी स्वतःला संपवते. फासच्या जनुकातला दोष १९९५ मध्ये सापडला. त्या दोषामुळे पेशी मरत नाहीत, गाठींत आणि पांथरीत साठतात, आणि आपल्याच प्लेटलेटवर, लाल पेशींवर हल्ला करणाऱ्याही त्यांच्यात तगतात. ‘गाठी आहेत, पण हा कॅन्सर नाही,’ एवढं ऐकलं की आई खुर्चीला पाठ टेकते. पुढे लिम्फोमा होण्याचा धोका मात्र इतरांपेक्षा जास्त असतो. तेही त्याच भेटीत सांगावं.

३. बी-१२चं इंजेक्शन देण्याआधी रक्त घ्यावं. आपल्याकडे बी-१२ कमी असणारी मुलं बरीच. एएलपीएसमध्ये ते औषधाशिवाय १५००च्या वर गेलेलं दिसतं. मोठी खूण आहे ही, आणि एका इंजेक्शनने ती पुसली जाते.

४. पुढची तपासणी मुंबईला. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा नसलेल्या टी पेशी फ्लो सायटोमेट्रीवर मोजतात; अशा अल्फा-बीटा पेशी एकूण लिम्फोसाइटच्या दीड टक्क्यावर गेल्या की संशय बळावतो. रक्त ताजं लागतं, म्हणून जांभळ्या झाकणाची बाटली कुणाच्या हाती धाडण्यापेक्षा पोरालाच जळगावहून गाडीत बसवावं.

५. पांथरी काढायची घाई नको. प्लेटलेट अनेकदा पुन्हा घटतात, वर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. स्टिरॉइडने तात्पुरतं भागतं. पुढे मायकोफेनोलेट किंवा सिरोलिमस. सिरोलिमसने गाठी आणि पांथरीही ओसरतात, पण रक्तातली पातळी तपासत राहावी लागते.

६. ‘तिच्या माहेरचं आहे,’ असं सासू बाकावरच म्हणते. ते तिथेच थांबवावं. दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, कधी पोरातच नव्याने उपजतो, आणि तो असूनही काहीजण ठणठणीत असतात. रक्त दोघांचंही घ्यावं, भावंडांचंही.