चरित्रकार धनंजय कीर आणि कागद नसलेली माणसे

चरित्र म्हणजे थोर पुरुषाची स्तुती नव्हे, आणि नुसती सनावळीही नव्हे. तो माणूस ज्या काळात वाढला त्या काळाचा पडताळाही त्यात यावा लागतो. हे काम सातत्याने करणारे चरित्रकार म्हणजे धनंजय कीर. त्यांच्या ग्रंथांचा अल्प परिचय करून देणे व त्या निमित्ताने आपल्या पनवेल तालुक्याविषयी एक विचार मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कीरांचा जन्म 1913 साली रत्नागिरीस झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मुंबई महानगरपालिकेत कारकुनी करीत त्यांनी लेखन आरंभिले. सावरकर (1950), डॉ. आंबेडकर (1954), लोकमान्य टिळक (1959), महात्मा फुले (1964), महात्मा गांधी (1973) आणि शाहू छत्रपती (1976) अशी सहा मोठी चरित्रे त्यांनी इंग्रजीत लिहिली. 1971 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परस्परांशी मतभेद असलेल्या या पुरुषांची चरित्रे एकाच लेखणीने लिहावीत, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे. आंबेडकरांचे चरित्र तर ते हयात असतानाच प्रसिद्ध झाले.

फुल्यांचे घराणे काही सरदार-जहागीरदारांचे नव्हते. मग त्यांचे चरित्र कसे लिहिता आले? कारण फुल्यांनी स्वतः लिहून ठेवले. 1873 ची 'गुलामगिरी', 1882 साली हंटर कमिशनपुढे सादर केलेले निवेदन, ही त्यांची साधने होत. ज्याचा कागद उरतो त्याचे चरित्र होते, असा नियमच म्हणावा लागेल.

याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी शिरढोण येथे झाला. कर्नाळा किल्ला 1818 साली इंग्रजांकडे गेला. त्या किल्ल्याशी ज्यांच्या आजोबांचा संबंध होता, तो नातू पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब कचेरीत कारकून झाला! एका घराण्याच्या या दोन पिढ्यांत सारा कालखंड दिसतो. 1879 च्या बंडानंतर फडके पकडले गेले. त्यांनी लिहिलेला आत्मवृत्तान्त व रोजनिशी सरकारने जप्त करून खटल्यात पुरावा म्हणून वापरली. ज्या सरकारने त्यांना एडनला पाठविले, त्याच्याच दप्तरामुळे पुढील चरित्रकारांना साधन मिळाले.

परंतु त्यांचे सहकारी दौलतराव नाईक? मे 1879 मध्ये आपल्या पळस्पे व चिखले येथे दरोडे पडले. त्यानंतर मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. रामोशांच्या बंडाचा हा पुढारी. पण इतिहासात त्याला फडक्यांच्या चरित्रातील एका प्रकरणापुरतीच जागा मिळाली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कोकणातील कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत. आमच्याकडे आहेत ते सातबारा, फेरफार आणि साऱ्याच्या पावत्या. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती सारा वसूल करण्यासाठी, आमची आठवण राहावी म्हणून नव्हे. तरीही आजोबा-पणजोबांची नावे ओळीने सापडतात ती वारसांच्या नोंदींतच. पणजोबांच्या बहिणीचे नाव एकदाच येते, तिने हक्क सोडला तेव्हा!

आज ही गोष्ट तातडीची झाली आहे. 2025 साली ज्याचे उद्घाटन झाले त्या विमानतळासाठी आपल्या तालुक्यातील दहा गावे उठली. घरे गेली, खारी बुजल्या, मिठागरे राहिली नाहीत. आता त्या गावांचा इतिहास राहिला आहे तो ट्रंकेतल्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी. त्यांतले दुसरे साधन फार दिवस टिकणारे नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझी विनंती आहे, की या सुट्टीत प्रत्येकाने घरातील एका वडीलधाऱ्या माणसाची हकीकत वहीत उतरवावी. गाव, शेत, लग्न, कर्ज, दुष्काळ, सारे विचारावे. सन आठवत नसेल तर फेरफाराशी ताडून पाहावे. आजीला आधी विचारावे, कारण तिचे नाव कागदावर कमी असते. आपल्या इतिहास विभागाने अशा वह्या ग्रंथालयात जतन कराव्यात, अशी प्राध्यापकांनाही विनंती आहे. कीरांपाशी पदवी नव्हती, चिकाटी होती. आपण तर पदवी घेण्यासाठीच येथे आलो आहोत.