शेअरामागची रेल्वे

कारंजा (लाड), जि. वाशिम

चि. बाळास,


अमेरिकेतल्या जे गूल्ड या सट्टेबाजाचं चरित्र वाचून तू भारावला आहेस आणि साठवलेला पगार शेअरबाजारात घालायचं म्हणतोस, असं ताईनं कळवलं. गूल्ड हुशार होता, यात वाद नाही. 1868 मध्ये ईरी रेल्वेच्या ताब्यासाठी त्याची रेल्वेसम्राट व्हँडरबिल्टशी जुंपली, तेव्हा त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी नवे शेअर काढून बाजारात ओतले. कागद वाढला, त्यामागची मालमत्ता त्या मानानं वाढली नाही. पुढच्या वर्षी तो सोन्याचा भाव चढवायला गेला. 24 सप्टेंबर 1869 ला भाव कोसळला आणि कित्येक जण धुळीला मिळाले.

त्याच्याही आधी रेल्वेच्याच उद्योगात उतरलेल्या आपल्या माणसाचं चरित्र आता वाच.

जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, 1803 साली जन्मले. घरचा व्यापार मोठा. 1845 मध्ये त्यांनी जमशेटजी जीजीभाईंबरोबर इंडियन रेल्वे असोसिएशन काढली. तिच्यातूनच पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे आली आणि तिच्या संचालकांत हे दोघंच हिंदी होते. 16 एप्रिल 1853 ला दुपारी तोफांची सलामी झाली, तीन इंजिनांनी चौदा डबे ओढले आणि सुमारे चारशे पाहुणे मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला निघाले. कागदावरची रेल्वे लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

तरी जीआयपीचा करारही नीट वाचायला हवा. 1849 च्या त्या करारानं भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली. कमाई कमी पडली तर भरपाई सरकारी तिजोरीतून व्हायची, म्हणजे भार रयतेवर. बहुतेक भागधारक मात्र विलायतेत बसलेले. रूळ खरे होते, पण नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ती वाटणी होती.

नानांचा पैसा आणि वजन रेल्वेपुरतं राहिलं नाही. सनातन्यांचा विरोध असताना त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. 1852 मध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था उभी करताना ते पुढे होते. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या कित्येक पिढ्यांनी जिवाचं रान करून मिळवली.

करार का वाचावा, हे पाहायला लांब कशाला जायचं, आपल्या गावातली शकुंतला रेल्वे घे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं अडीच फुटी रूळ टाकले आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ गाडी कारंज्यावरून धावू लागली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र जुन्या करारामुळे कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी चालवायची रेल्वेखात्यानं, मोबदला कंपनीला. मालक कोण आणि खर्च कोणाचा, या घोळात मार्गाची आबाळ झाली आणि गाडी बंद पडली. त्याची झळ लागली ती स्वस्तात प्रवास करणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांना.

म्हणून शेअरचा चढता भाव पाहून हुरळून जाऊ नकोस. कंपनी काय बनवते, कर्ज किती, बुडालं तर कोणाचं बुडतं, हे आधी शोध. दिवाळीला येताना तुझ्या मनातल्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन ये. ओसरीवर बसून आपण दोघं पान न् पान वाचू. तोवर पैसे बँकेतच असू देत.

तुझा,
मामा