घरचा सर्व्हर : ‘फुकटचा’ पीसी वर्षाला सहा हजारांना पडतो

घरात जुना डेस्कटॉप धूळ खात पडलाय. त्यात दोन हार्ड डिस्क टाकल्या, लिनक्स चढवलं की झाला सर्व्हर; फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं सगळं घरातल्या घरात. असा बेत असेल तर आधी विजेचं बिल हातात घ्या.

चोवीस तास चालणारी वस्तू एक वॅट घेत असेल तर वर्षाला पावणेनऊ युनिट जळतात. जुना टॉवर काही काम नसतानाही साठेक वॅट सहज ओढतो, म्हणजे वर्षाला सव्वापाचशे युनिट. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर जाऊन बसतात. म्हणून बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. तुमचा शेवटचा युनिट ज्या टप्प्यात पडतो त्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क. इथे हिशेबापुरते युनिटला १२ रुपये धरलेत. महिन्याला शंभर युनिटच्या वर जाणाऱ्या घरात हा दर जास्तच निघेल. तरीही त्या फुकटच्या टॉवरचं वर्षाचं बिल ६,३०० रुपये झालं.

आता दुसरा पर्याय. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले वितभर लांबीचे मिनी पीसी जुन्या बाजारात मिळतात : लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. काम नसताना हे दहा वॅटच्या आसपास राहतात. वर्षाला ८८ युनिट, साधारण १,०५० रुपये. १३ हजारांना घेतलेला मिनी पीसी फुकटच्या टॉवरपेक्षा अडीच वर्षांत स्वस्त पडू लागतो. तुमच्या जुन्या पीसीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आठशे-हजाराचा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणा किंवा मित्राकडून मागून घ्या आणि एक दिवस मोजा. तीस वॅटच्या खाली निघाला तर जुनाच वापरा, नवीन काही घेऊ नका.

कुठे घ्यायचा, काय बघून घ्यायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि सकाळी अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही. पुण्यात अडॅप्टर, बॅटरी, वायरी यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. ऑनलाइनही हे पीसी भरपूर दिसतात, पण तिथे परत पाठवण्याचा खर्च कोणाचा हे आधी वाचा.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी सध्या स्वस्त आहेत, कारण विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांनी ते काढून टाकले. तुम्ही लिनक्स चालवणार असाल तर या अडचणीचा तुम्हाला फायदाच. साधारण ९ ते १३ हजार. आठव्या पिढीचा हवा असेल तर १४ ते २० हजार धरा. फक्त फोटो आणि फायली ठेवायच्या असतील तर सहावी पिढी पुरते. घरच्या टीव्हीवर फोर-के सिनेमे दाखवायचे असतील तर सातवीच्या खाली जाऊ नका. सहाव्या पिढीच्या चिपला दहा-बिटचा एचईव्हीसी व्हिडिओ स्वतःच्या बळावर उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

दुकानात पीसी उघडून दाखवायला सांगा. टायनीला मागे एकच स्क्रू असतो; तो काढून झाकण पुढे सरकवलं की आतलं सगळं समोर येतं. अडीच इंची डिस्क ज्यात बसते ती कॅडी आहे का, आणि तिच्याकडून बोर्डाकडे जाणारी चपटी रिबन केबल आहे का, ते बघा. या दोन वस्तू ऑफिसातून निघतानाच हरवलेल्या असतात. दुकानदार ‘मिळून जाईल साहेब’ म्हणतो आणि मग त्याच केबलसाठी तुम्ही आठवडाभर फिरता. एम-डॉट-टू डिस्कचा बारीक स्क्रू आणि वायफाय कार्डही तपासा. वायफाय नसलं तरी बिघडत नाही, सर्व्हर राउटरला केबलनेच जोडायचा असतो. पण किंमत पाडायला मुद्दा मिळतो.

मग चालू करून बायोसमध्ये जा. पासवर्ड विचारला तर पीसी तिथेच ठेवा आणि बाहेर पडा. आत जाता आलं तर वीज गेल्यावर आपोआप चालू होण्याची सोय आहे का बघा आणि ती लगेच लावून घ्या. नाहीतर तुम्ही गावी असताना दहा मिनिटं वीज गेली तरी सर्व्हर तुम्ही परत येईपर्यंत बंदच. बायोसचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर आतला गोल सेल संपलाय. सीआर २०३२, तीस-चाळीस रुपये, स्वतः बदला.

आता लपलेले खर्च. सांगितलेल्या किमतीत अडॅप्टर असतोच असं नाही, आणि असला तरी कंपनीचाच असेल असंही नाही. ‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के वेगळे’ हे शेवटी ऐकू येतं, म्हणून ‘जीएसटी धरून किती?’ हा पहिला प्रश्न ठेवा. विंडोज आणि ऑफिस टाकून देतो म्हणून पाचशे-हजार मागतील. बहुतेकदा ती चोरीची प्रत असते, आणि तुम्ही डेबियनसारखं लिनक्स टाकणार आहात, तेव्हा नको म्हणा. वॉरंटी तोंडी घेऊ नका. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. आणि ती दुकानाची वॉरंटी आहे, कंपनीची नाही, हे मनात ठेवा.

डिस्क : इथे काटकसर करू नका

मिनी पीसीत सहसा सात मिलिमीटर जाडीचीच अडीच इंची डिस्क बसते. चार-पाच टीबीच्या अडीच इंची हार्ड डिस्क पंधरा मिलिमीटरच्या असतात; घेऊन आलात तर कॅडीत शिरणारच नाहीत. मोठी जागा हवी असेल तर बाहेरची, स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क घ्या.

खिशात मावणारी पोर्टेबल डिस्क सोयीची खरी, पण त्यातल्या अनेकांमध्ये यूएसबीचं टोक थेट डिस्कच्या बोर्डावर डाखलेलं असतं. टोक सैल झालं की डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालता येत नाही. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे पाच आकडी रक्कम सांगतात, तेही मिळेल याची हमी न देता. साधी साटा डिस्क आणि वेगळा केस घेतलात तर हजाराच्या आतला केस बदलून काम भागतं.

डिस्क नेहमी दोन धरा. एकाच पीसीत दोन डिस्क आरशासारख्या लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा जोडा, कॉपी घ्या आणि कपाटात किंवा भावाच्या घरी ठेवा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त डिस्क दिसली तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतात वॉरंटी आहे का बघा. परदेशातून आणलेल्या किंवा ओईएम डिस्कला ती बऱ्याचदा नसते. घरी आल्यावर डिस्क स्वतः ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदीत वापराचे तास बघा. ‘नव्या’ डिस्कवर हजारो तास दिसले तर त्याच दिवशी परत करा. सध्या मेमरी आणि एसएसडीचे भाव चढे आहेत. आधीच ८ जीबी रॅम असलेला पीसी घ्या, नंतर वाढवू म्हणू नका.

वीज आणि इंटरनेट

घरात इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर आणि राउटर त्याच लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘यूपीएस’वर ठेवा. ‘इको’वर ठेवलात तर वीज गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि पीसी तेवढ्यात बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस, साधारण ३ हजार. त्यातली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची आहे ना, एवढं विचारा; हे माप कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतो. दोन-तीन वर्षांनी ती बदलावीच लागते, तेव्हा हजारभर रुपये आणि जुनी बॅटरी परत दिल्याची सूट. नवीन यूपीएस घ्यायला लावणाऱ्याचं ऐकू नका, चार स्क्रूंचं काम आहे.

बाहेरून घरच्या फायली उघडायच्या असतील तर राउटरच्या पानावर वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला इतर ग्राहकांबरोबर एकाच पत्त्यामागे बसवलंय. बाहेरून आत येता येणार नाही. ग्राहक सेवा लगेच ‘स्टॅटिक आयपी घ्या’ म्हणेल. आधार-पॅन, अर्ज, दरवर्षीचे हजार-दोन हजार किंवा जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी. बहुतेक घरांना त्याची गरज नसते. बाहेरून आत येण्यासाठी टेलस्केलसारखी सोय वैयक्तिक वापराला मोफत आहे. फोनवर आणि सर्व्हरवर टाका, अर्ध्या तासात काम होतं. आणि राउटरची पोर्टं बाहेरच्या जगासाठी उघडू नका, कुठल्याही व्हिडिओत काहीही सांगितलेलं असो. स्वतःचं डोमेन घेणार असाल तर पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका. नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन, हे सगळं सॉफ्टवेअर फुकट. वेळ मात्र तुमचा : पहिल्यांदा बसवायला शनिवार-रविवार, नंतर महिन्याला तासभर.

मग हे परवडतं का?

खरं सांगायचं तर नुसते पैसे वाचवायचे असतील तर नाही. मिनी पीसी १३ हजार, दोन टीबीच्या दोन डिस्क १३ हजार, यूपीएस ३ हजार. २९ हजार झाले. डिस्क धरून १५ वॅट म्हणजे वर्षाला सुमारे १,६०० ची वीज, बॅटरीचे तीन-चारशे. पाच वर्षांत ३९ हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला पावणेआठ हजार. गूगलची दोन टीबीची जागा वर्षाला ६,५०० रुपयांची आहे आणि ती घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. २०० जीबीत तुमचं भागत असेल तर २,१०० रुपये भरा आणि हा लेख विसरा.

सर्व्हर घ्यावा तो चार टीबीच्या वर व्हिडिओ असणाऱ्याने, लग्नाचे-नाटकांचे चित्रीकरण करणाऱ्याने, पेशंटची किंवा अशिलांची कागदपत्रं ज्याला बाहेर ठेवायची नसतील त्याने. किंवा ज्याला पेचकस हातात घ्यायला आवडतो त्याने; तो हिशेब वेगळा.

सायकल घेतानाही हेच बघा

हाच छंद असणारे बरेच जण सायकलही चालवतात, म्हणून थोडक्यात. गल्लीतल्या मेकॅनिकला उघडता येईल अशीच सायकल घ्या : केबल फ्रेमच्या बाहेरून गेलेल्या, बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, सात किंवा आठ गिअर, चाकाला छत्तीस तारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुनी छापील किंमत दाखवली तर विचारा. ऑनलाइन घेतलेली सायकल ८५ टक्के जोडलेली येते. उरलेलं जोडून, ब्रेक आणि गिअर लावून घ्यायला पाचशे ते हजार रुपये वेगळे. चेन मोजायचा गेज दोन-तीनशेला मिळतो. ०.७५ ला पोचली की चेन बदला. आठ गिअरची चेन पाचशे-सातशेत येते. उशीर केलात तर मागची कॅसेट आणि पुढचे दातेही बदलावे लागतात आणि बिल तिप्पट-चौपट होतं. राइडची नोंद ठेवायला वर्गणी लागत नाही. ओपनट्रॅक्स हे अॅप खातं न उघडता जीपीएक्स फाईल देतं, ती तुमच्या सर्व्हरवर टाका.

दुरुस्तीला देताना आणि अडलं तर

फोन, लॅपटॉप किंवा पीसी दुरुस्तीला देताना तपासणी शुल्क किती आणि दुरुस्ती केली नाही तरी ते लागतं का, हे जॉबशीटवर लिहून घ्या. जुना भाग परत मागा. सॅमसंगच्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो. तो लावूनच फोन द्या, पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. ग्राहक व्यवहार खात्याच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि सेवा केंद्रांची माहिती एकत्र आहे. केंद्रात जाण्याआधी तिथे डोकावा.

दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर आधी त्याला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सोबत पक्कं बिल लागतं. ते अक्षरं उडून जाणाऱ्या थर्मल कागदावर असेल तर आजच फोटो काढून ठेवा.