अर्ध्या अंशाची राखण : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची उबवणपेटी

कोंबडी अंड्यांवर बसते आणि स्वतःच्या अंगाची ऊब त्यांना देते. मगर, कासव, घोरपड ह्यांना ते शक्य नाही, कारण त्यांच्याच शरीराचे तापमान भोवतालच्या हवापाण्यावर अवलंबून असते. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून स्नायूंच्या कंपनाने थोडी ऊब निर्माण करते. पण हा अपवाद झाला. इतर बहुतेक सरपटणारे प्राणी अंडी वाळूत, मातीत किंवा पालापाचोळ्यात पुरतात. पुढचे काम मुख्यतः ऊन आणि जमीन करतात.

हे काम आपण एका पेटीकडून करवून घेऊ शकू का? प्रश्न सोपा वाटतो. पेटीत दिवा लावला की ऊब मिळेल, असे कोणीही म्हणेल. परंतु खरी अडचण ऊब निर्माण करण्यात नाही, ती एकसारखी राखण्यात आहे.

तापमान काय ठरवते?

माणसाचे मूल मुलगा की मुलगी, हे गुणसूत्रांवर ठरते. सापांतही तसेच आहे. पण १९६६ साली मादलेन शार्निए ह्या फ्रेंच संशोधिकेने आफ्रिकेतील अगामा सरड्याबाबत वेगळीच गोष्ट दाखवून दिली. अंडी कोणत्या तापमानाला उबवली, त्यावर पिलांचे लिंग अवलंबून होते! पुढे अनेक कासवांत आणि सर्व अभ्यासलेल्या मगरींत हेच आढळले.

आपल्या मगरीचेच उदाहरण घेऊ. चेन्नईजवळच्या मद्रास मगर उद्यानातील अंड्यांवर झालेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. अंडी २८ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिर तापमानाला ठेवली, तर सर्व पिले माद्या निघाली. ३२.५ अंशांना सर्व नर निघाले. ३१.५, ३२ आणि ३३ अंशांना दोन्ही निघाले. म्हणजे 'सर्व माद्या' आणि 'सर्व नर' ह्यांत अंतर केवळ दीड अंशाचे! म्हणूनच मगरीसाठी पेटी करणाऱ्याला अर्ध्या अंशाचा हिशेब ठेवावा लागतो.

हवा तापवावी की पाणी?

समजा, ४० लिटरच्या पेटीत नुसती हवा आहे. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून पेटीतील हवा ४८ ग्रॅम झाली. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवण्यास सुमारे १ ज्यूल उष्णता लागते. सगळी हवा एक अंशाने तापवण्यास ४८ ज्यूल पुरतात. आता पेटीच्या भिंतींतून दर सेकंदाला १० ज्यूल, म्हणजे १० वॅट, उष्णता बाहेर जाते असे धरू. दिवा विझताच पाच सेकंदांत हवेचे तापमान एक अंशाने उतरेल. भिंतीही थोडी उष्णता धरून ठेवतात, तेव्हा प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागेल इतकेच.

आता त्याच पेटीच्या तळाशी १० लिटर पाणी घाला. पाण्याची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे ४.२ ज्यूल. १०,००० ग्रॅम पाणी एक अंशाने निवण्यासाठी ४२,००० ज्यूल बाहेर जावे लागतात. १० वॅटच्या दराने ह्याला ४,२०० सेकंद, म्हणजे ७० मिनिटे लागतील. पाच सेकंद कुठे आणि सत्तर मिनिटे कुठे! पाणी ही आपल्या पेटीची उष्णतेची बँकच आहे. शिवाय कोमट पाण्याच्या वाफेने आतली हवा दमट राहते, हा दुसरा लाभ.

पेटीची रचना

थर्मोकोलची जाड भिंतींची झाकणाची पेटी घ्या. मासळी किंवा औषधे पाठवण्यासाठी अशा पेट्या वापरतात. तिच्यात बसेल असा प्लॅस्टिकचा टब ठेवा, कारण थर्मोकोल पाझरू शकते. टबात दोन विटा ठेवून १० लिटर पाणी ओता. माशांच्या टाकीत वापरतात तो ५० वॅटचा हीटर पाण्यात पूर्ण बुडेल असा बसवा. विटांवर, पाण्याच्या पातळीच्या वर, प्लॅस्टिकचा उथळ डबा ठेवा.

डब्यात व्हर्मिक्युलाइट भरा. हे अभ्रकासारख्या खनिजाचे फुगवलेले हलके दाणे असून रोपवाटिकांच्या साहित्यात मिळतात. त्यांत त्यांच्याच वजनाइतके पाणी मिसळा. मूठ आवळल्यावर पाणी ठिबकता कामा नये. डब्याच्या वर एक प्लॅस्टिकचा तक्ता तिरपा बसवा. झाकण आतल्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे तेथे वाफेचे थेंब जमतात. ते डब्यात न पडता तक्त्यावरून बाजूला ओघळले पाहिजेत, कारण अंडी कवचातूनच श्वसन करतात. त्याच कारणासाठी भिंतीत पेन्सिलीएवढी दोन छिद्रे ठेवा.

तापमानाच्या नियंत्रणासाठी अंकदर्शक थर्मोस्टॅट वापरा. त्याचा शोधक कुठे ठेवावा? डब्यात ठेवण्याचा मोह होईल. पण पाण्याची उष्णता डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. डबा हव्या त्या तापमानाला येऊन हीटर बंद होईपर्यंत पाणी जास्त तापलेले असते, आणि डबा आणखी वर चढत राहतो. म्हणून शोधक पाण्यात ठेवा. डबा पाण्यापेक्षा किंचित थंड राहील. तो फरक स्वतंत्र तापमापकाने मोजून थर्मोस्टॅटचा आकडा तेवढा वाढवा. तापमापक आधी वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो ना, हे पाहून घ्या.

सावधान! येथे वीज आणि पाणी शेजारी आहेत. पेटीत हात घालण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. हीटर पाण्याबाहेर कधीही चालू ठेवू नका. जोडणी शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

अंड्यांच्या जागी काय?

आता महत्त्वाची गोष्ट. रानातून, नदीकाठावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून एकही अंडे आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा ठरतो. शिवाय केवळ हाताळण्यानेही अंडे मरू शकते. पक्ष्याच्या अंड्यात बलक पीळदार दोऱ्यांनी तोललेला असतो, म्हणून कोंबडी अंडी फिरवते. मगर-कासवांच्या अंड्यांत असे दोरे नसतात. घातल्यानंतर थोड्याच काळात गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भाचा घात होतो. म्हणून जाणकार कार्यकर्ते अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करतात आणि तीच बाजू वर ठेवून ते हलवतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेने २००२ साली सागरी कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. तेथे विजेची पेटी नाही. अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, मादी खणते तसा खड्डा करून, पुन्हा वाळूत ठेवतात. वरची वाळू दुपारी पाय भाजते. हातभर खालची वाळू मात्र दिवसरात्र जवळजवळ एकाच तापमानाला असते. आपल्या पेटीत जे पाणी करते, ते तेथे वाळूचा थर करतो.

तुमच्या पेटीत अंड्याऐवजी पाण्याने भरलेली छोटी बाटली अर्धी पुरा आणि तिच्यात तापमापक ठेवा. पेटी २४ तास चालू द्या. त्यानंतर शाळेच्या वेळात दर अर्ध्या तासाला पाणी व बाटली ह्या दोहोंचे तापमान लिहा आणि आलेख काढा. बाटलीचा आलेख अर्ध्या अंशाच्या पट्ट्यात राहिला, तर पेटी उत्तीर्ण!

करून पाहा

१. हीटर बंद करून पाणी एक अंशाने निवण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. ४२,००० ला त्या संख्येने भागा. तुमची पेटी किती वॅट उष्णता गमावते ते कळेल.

२. समजा, वीज दोन तास गेली. १० वॅटच्या दराने ७२,००० ज्यूल बाहेर जातील आणि १० लिटर पाणी सुमारे १.७ अंशांनी उतरेल. मगरीच्या बाबतीत एवढा उतार दीर्घकाळ टिकला, तर नरांच्या जागी माद्या होतील. उतार अर्ध्या अंशावर रोखण्यास किती पाणी लागेल? (उत्तर : सुमारे ३४ लिटर.)

३. पाणी वाढवण्याऐवजी थर्मोकोलची जाडी दुप्पट केली आणि उष्णतेची गळती निम्मी झाली, तर किती पाणी पुरेल? दोहोंपैकी कोणता उपाय स्वस्त पडेल, हे बाजारात चौकशी करून ठरवा.