पेशींची दारे

हृदयविकार म्हटला की उतारवयाचा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु इ. स. १९६८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात या विकाराचे जे दोन रुग्ण होते, ते होते एक बहीण व तिचा भाऊ. दोघेही दहा वर्षांच्या आतील! त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ बेसुमार वाढला होता. तुपालोण्याचा अतिरेक करून रोग ओढवून घ्यावा, एवढे त्या मुलांचे आयुष्यच झाले नव्हते. मग हे कोलेस्टेरॉल साचले तरी कसे? तेथील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन या दोन तरुण डॉक्टरांच्या मनाला या प्रश्नाने घर केले.

कोलेस्टेरॉल हा काही शरीराचा वैरी नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणासाठी ते लागतेच. परंतु मेण जसे पाण्यात विरघळत नाही, तसे ते रक्तात विरघळत नाही. म्हणून प्रथिनांनी वेढलेल्या अतिसूक्ष्म कणांतून त्याची ने-आण होते. हे कण रक्तात फार झाले, की हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींत कोलेस्टेरॉल साचू लागते, वाट अरुंद होते आणि शेवटी रक्ताचा प्रवाहच अडतो. काही घराण्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, हे नॉर्वेतील कार्ल म्यूलर यांनी १९३८ सालीच दाखवून दिले होते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला, तर माणसाला ऐन उमेदीत हृदयविकार गाठतो. दोघांकडूनही आला, तर बालपणीच.

१९७२ पासून दोघे मित्र टेक्सास प्रांतातील डॅलस येथे एकत्र काम करू लागले. रुग्णांच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढविल्या. प्रत्येक पेशी स्वतःही कोलेस्टेरॉल बनविते, आणि त्या कामी एक विशिष्ट विकर तिला साह्य करते. निरोगी पेशींना रक्तातील ते कण दिले, की हे विकर मंदावे. जणू बाहेरून शिधा आला, आता घरी दळण कशाला? रुग्णांच्या पेशींतील विकर मात्र कण देऊनही जोराने चालतच राहिले.

तेव्हा विकरातच बिघाड असला पाहिजे, असे कोणालाही वाटले असते. पण दोघांनी उतावीळ केली नाही. त्यांनी कणांऐवजी मद्यार्कात विरघळविलेले कोलेस्टेरॉल त्याच पेशींना दिले. ते आवरणातून सहज आत शिरले, आणि विकर तत्काळ मंदावले! म्हणजे विकर निर्दोष होते. शिधा दाराशी येऊन पडला होता. तो आत घेणारेच कोणी नव्हते.

पुढे त्यांनी त्या कणांना किरणोत्सारी आयोडीन जोडून त्यांचा माग काढला. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर हे कण धरून आत ओढणारी प्रथिने आढळली. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. हीच पेशीची दारे. दोन्हीकडून दोष आलेल्या मुलांत ती नव्हती किंवा निकामी होती. एकाकडूनच आलेल्यांत सुमारे निम्मीच होती. या शोधाबद्दल १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ग्राही सर्वांत अधिक यकृतात असतात. १९८४ साली सहा वर्षांच्या एका रुग्ण मुलीवर हृदय व यकृत या दोहोंचे रोपण झाले, तेव्हा तिच्या रक्तातील कणांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी उतरले. ती मुलगी आणखी सहा वर्षे जगली.

दरम्यान, जपानमध्ये आकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून, कियोतोतील एका दुकानातील तांदळावरच्या बुरशीतून ते विकर रोखणारे द्रव्य मिळविले होते. त्याच जातीचे पहिले औषध अमेरिकेत १९८७ साली मान्य झाले. आतील उत्पादन अडले, की यकृताच्या पेशी अधिक दारे उभारतात व रक्तातील कण ओढून घेतात.

एकाच बाजूने आलेला दोष सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकास असतो. म्हणून घरात एक रुग्ण आढळला, की त्याच्या भावंडांचे व मुलांचेही रक्त तपासतात. ज्या मुलांच्या पेशींना दारेच नसतात, त्यांना मात्र या औषधाचा गुण फार थोडा येतो. अशा मुलांचे रक्त आठवड्या-पंधरवड्याने यंत्रातून गाळून, त्यातील कण काढून, ते पुन्हा शरीरात सोडावे लागते.