रोजच्या झोपेच्या गोळीचं काय करायचं?

लातूरच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे: पती वर्षानुवर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम घेतात. गोळ्या लपवून ठेवल्या तर सवय सुटेल का?

तसं अजिबात करू नये, ते जिवावर बेतू शकतं. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते आणि मेंदू हळूहळू त्याच बेताने चालू लागतो. ती एकदम थांबली की घाम, थरथर, धडधड, प्रसंगी फिटसुद्धा येते. म्हणून डॉक्टर मात्रा थोडी थोडी, काही आठवड्यांच्या अंतराने उतरवतात. यात महिने जातात. मधल्या काही रात्री वाईट जाणारच. त्या रात्री पतीला बोल लावू नयेत.

गोळीवर दारू होत नाही ना, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं. जुनीच चिठ्ठी दाखवून नव्या स्ट्रिप येतात का, तेही. स्ट्रिपवर लाल चौकटीतला इशारा असतो, कारण २०१४पासून हे औषध ‘एच-१’ अनुसूचीत आहे. दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्णाचं नाव लिहून ती नोंद ३ वर्षं जपायची असते.

नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरला विलासराव देशमुख संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. पती यायला तयार नसतील, तर पत्नीने एकटीने ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं, तिथे मराठीतून सल्ला मिळतो.