दायमचे दान

तंजावरनजीक कावेरीतीरी वसलेल्या तिरुवैयारुच्या मुलखात ‘दायम’ हा सोंगट्यांचा जुना तमिळ खेळ आहे. त्याचे दोन फासे लांबट व चौपैलू असून प्रत्येकाच्या बाजूंवर ०, १, २ व ३ ठिपके असतात. बेरीज १ आली, म्हणजे ‘दायम’ पडले, की सोंगटी पटावर येते. या दानाची संभाव्यता किती?

बेरजा ० ते ६ अशा सात. म्हणून १/७, असे चटकन वाटते. परंतु सर्व बेरजा सारख्या सुलभ नाहीत. चारही बाजू समसंभाव्य मानल्यास दोन फाशांचे एकूण प्रकार ४ × ४ = १६ होतात, आणि ० ते ६ या बेरजा अनुक्रमे १, २, ३, ४, ३, २, १ प्रकारांनी मिळतात. दायमचे प्रकार दोनच : (०, १) व (१, ०). म्हणून संभाव्यता २/१६, म्हणजे १/८.

सात दाने हुकली, तर आठवे दायमच पडेल काय? नाही. फाशांना मागील दानांची आठवण नसते; आठव्या वेळीही संभाव्यता १/८ च राहते. आठही दाने हुकण्याची संभाव्यता ७/८ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.३४ आहे. सरासरीने तिघांपैकी एका खेळाडूची सोंगटी तेव्हाही पटाबाहेरच असेल.